सही झाली, मग गाडी कुठं अडली?

मागच्या अंकात शेजारी देशांमधल्या रस्ते-रेल्वेबद्दल जाता जाता चार ओळी लिहिल्या होत्या, त्यावर एवढे प्रश्न येतील असं वाटलं नव्हतं. सारखे प्रश्न एकत्र केलेत, लांबलचक पत्रं थोडी छाटलीत. कोणाचं सरकार चांगलं आणि कोणाचं वाईट असे प्रश्न सरळ बाजूला ठेवलेत, ते टीव्हीवर रोज रात्री नऊला चालूच असतात.

प्रश्न : आमचं निफाड तालुक्यात कांद्याचं खळं आहे, बांगलादेशला माल जातो. ट्रक नाशिकहून बंगालपर्यंत चार-पाच दिवसात पोचतो आणि मग बॉर्डरवर उभा राहतो तो राहतोच. वरून उन्हाचा तडाखा, खाली गोण्यांना पाणी सुटतं, ड्रायव्हर फोन करून करून बेजार. मी तर वाचलं होतं की 2015 मध्ये चार देशांचा करार झालाय आणि ट्रक थेट पलीकडे जाणार. मग माझा ट्रक ढाक्यापर्यंत का जात नाही? — एक कांदा व्यापारी, निफाड

उत्तर : दादा, तुम्ही वाचलं ते खरंय. 15 जून 2015 ला भूतानच्या थिंफूमध्ये बांगलादेश, भूतान, भारत आणि नेपाळ यांचा मोटार वाहन करार झाला, आपल्याकडून सही केली ती नागपूरच्या गडकरींनी. खरं तर हा करार सगळ्या सार्क देशांचा व्हायचा होता, पण नोव्हेंबर 2014 च्या काठमांडू परिषदेत पाकिस्तान तयार झाला नाही, मग या चौघांनी वेगळी चूल मांडली.

पण कराराचा कागद वाचला तर लक्षात येतं की त्यात मुख्यतः 'एकमेकांच्या गाड्या येऊ द्यायच्या' एवढंच ठरलंय. कशा येऊ द्यायच्या ते पुढं प्रोटोकॉलमध्ये, म्हणजे करारासोबतच्या सविस्तर नियमांत, ठरवू, असं ठेवलंय. म्हणजे परमिट किती आणि कोण देणार, विमा कोणत्या देशाचा धरायचा, सीलबंद माल मधेच कुठं उतरवला तर जबाबदार कोण, ड्यूटी बुडली तर हमी कोणाची, पलीकडे अपघात झाला तर केस कुठं चालणार, आणि त्यांच्या रस्त्यावर आपला सोळा चाकी ट्रक किती वजन घेऊन जाऊ शकतो. अडकलंय ते इथं. प्रवासी गाड्यांचं त्यातल्या त्यात सोपं आहे, मालाचं अवघड. नोव्हेंबर 2015 मध्ये कोलकात्याहून ढाकामार्गे आगरतळ्याला ट्रकची ट्रायल झाली, एप्रिल 2018 मध्ये ढाका ते काठमांडू बसची ट्रायल झाली, फोटो निघाले, हार घातले गेले. मार्च 2022 मध्ये दिल्लीत बैठक होऊन भूतानला सोडून (का ते पुढच्या प्रश्नात) तिघांनी पुढं जायचा मसुदा पक्का केला. रोजची वाहतूक मात्र अजून सुरू व्हायचीय.

तोपर्यंत जे चालतं ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहितीय. पेट्रापोलला, म्हणजे बंगालमधल्या आपल्या सीमानाक्यावर, आपला ट्रक आधी पार्किंगमध्ये रांगेत, मग फाटक ओलांडून बांगलादेशातल्या बेनापोलच्या यार्डात, तिथं माल उतरवायचा, तो त्यांच्या ट्रकमध्ये चढवायचा आणि आपला ट्रक बहुतेक वेळा रिकामाच माघारी. वर्ल्ड बँकेने 2021 मध्ये याचा हिशेब काढला होता, पेट्रापोल-बेनापोल ओलांडायला 138 तास, त्यातले 28 तास नुसते या ट्रकमधून त्या ट्रकमध्ये माल टाकण्यात. तेवढीच वर्दळ असलेल्या पूर्व आफ्रिकेतल्या सीमांवर हेच काम सहा तासांच्या आत होतं. त्याच अहवालात आणखी एक गोष्ट होती जी वाचून मी दोनदा चष्मा पुसला : भारतातल्या कंपनीला बांगलादेशशी धंदा करण्यापेक्षा ब्राझील किंवा जर्मनीशी करणं 15 ते 20 टक्के स्वस्त पडतं.

आता जे कोणी फारसं बोलत नाही ते बोलतो. त्या 138 तासांवर कित्येकांची पोटं भरतात. पार्किंगवाला, हमाल, क्लिअरिंग एजंट, हॉटेलवाला, पलीकडचा ट्रकमालक. तुमचा ट्रक थेट ढाक्याला गेला तर बेनापोलच्या ट्रकवाल्याचं भाडं गेलं, तो गप्प कसा बसेल? दिल्ली-ढाक्यातले साहेब करार करतात तेव्हा ही मंडळी टेबलावर नसतात, आणि मग फाटकावर बरोबर भेटतात. माझ्या मते करार रखडण्याचं हे निदान अर्धं कारण आहे, आणि त्यावर उपाय म्हणजे त्यांना आधीच बोलावून कोणाचं काय जाणार आणि बदल्यात काय मिळणार हे ठरवणं. पश्चिम बंगाल सरकारने ट्रकसाठी 'सुविधा' नावाचं ऑनलाइन स्लॉट बुकिंग आणलं, त्याने रांगेला थोडी शिस्त आली, पण ती आपल्या बाजूची रांग झाली, पलीकडच्या यार्डात जागाच नसेल तर स्लॉटचा काय उपयोग.

तुमच्यासाठी व्यवहाराचं सांगायचं तर रेल्वेचा विचार करा. मे 2020 मध्ये लॉकडाऊनमुळे बंगालच्या बॉर्डरवर ट्रक बंद होते तेव्हा लासलगावहून कांद्याच्या मालगाड्या थेट बांगलादेशातल्या दर्शना स्टेशनला गेल्या होत्या. एकट्या व्यापाऱ्याला अख्खी रेक म्हणजे पूर्ण मालगाडी भरणं जमत नाही हे मान्य, चार-पाच जणांनी मिळून करावं लागेल. आणि हो, 2019, 2020, 2023 अशी तीनदा जी निर्यातबंदी आली आणि भरलेले ट्रक बॉर्डरवर अडकले, त्याला कुठलाच वाहतूक करार पुरा पडणार नाही. ते दुखणं वेगळं.

प्रश्न : भूतानने हा करार अडवला म्हणतात. आठ लाखांचाही देश नाही, आणि चार देशांचं काम थांबवतो, हे कसं चालतं? — एक वाचक, सांगली

उत्तर : मला भूतानचं पटतं, राग येऊ देऊ नका. नोव्हेंबर 2016 मध्ये त्यांच्या संसदेच्या वरच्या सभागृहाने करार नामंजूर केला. त्यांचा मुद्दा साधा होता : डोंगरातले अरुंद रस्ते, त्यावर तीन मोठ्या देशांचे ट्रक मोकळे सुटले तर धूर आमच्याकडे, रस्त्याची दुरुस्ती आमच्याकडे आणि भाडं मात्र बाहेरच्या ट्रकवाल्याला, मग आमच्या सीमेवरच्या फुंत्शोलिंगच्या ट्रकमालकानं काय करायचं? यात चुकीचं काय आहे? तिथल्या सरकारलाच करार हवा होता, पण ज्यांना झळ बसणार त्यांचं म्हणणं सभागृहापर्यंत पोचलं, आपल्याकडं असं कितीदा होतं.

आणि अडवलाही नाही खरं तर. 2017 मध्ये त्यांनी सांगून टाकलं की तुम्ही तिघं पुढं व्हा, आमचं जमेल तेव्हा आम्ही येऊ. 2022 च्या बैठकीला ते निरीक्षक म्हणून बसले होते. उरलेल्या तिघांचं एवढ्या वर्षांत झालं नाही त्याचं खापर भूतानवर फोडण्यात अर्थ नाही. ट्रकच्या संख्येवर मर्यादा, ठरावीकच रस्ते, दुरुस्तीसाठी फी एवढं पहिल्या मसुद्यातच लिहिलं असतं तर कदाचित गोष्ट वेगळी झाली असती, असं मला वाटतं.

प्रश्न : मी पुण्यात प्लॅनिंगमध्ये मास्टर्स करतेय. थिसिसचा विषय घेतलाय की दोन शेजारी देशांनी वाहतुकीचं नियोजन एकत्र करायचं तर ते ऑर्गनाइझ कसं करायचं. पुस्तकांमध्ये सगळीकडे 'संस्थात्मक चौकट', 'समन्वय यंत्रणा' असलेच शब्द आहेत. प्रत्यक्षात सुरुवात कुठून होते? — एक विद्यार्थिनी

उत्तर : कॅलेंडरपासून. हसू नकोस, खरंच सांगतोय. आपलं आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च, बांगलादेश आणि भूतानचं जुलै ते जून, नेपाळचं श्रावण ते आषाढ म्हणजे साधारण जुलैच्या मध्यापासून. आपल्याकडे मार्चमध्ये पैसे संपवायची घाई असते तेव्हा त्यांचं वर्ष अजून मधेच असतं, आणि त्यांच्याकडे बजेट मंजूर होतं तोपर्यंत आपल्याकडं पावसाळा, कामं बंद. पुलाचं एक टोक तयार आणि दुसऱ्या टोकाला टेंडरसुद्धा नाही असं होतं त्यामागं बऱ्याचदा एवढंच असतं. त्यात सुट्ट्या. बांगलादेशात शुक्रवार-शनिवार ऑफिस बंद, आपल्याकडे शनिवार-रविवार, म्हणजे दोन्हीकडचे इंजिनिअर एकाच वेळी खुर्चीत सापडणार ते सोमवार ते गुरुवार. मग ईद, दुर्गापूजा, दिवाळी वजा कर.

दुसरी गोष्ट नकाशा. प्रत्येक देशाचा ट्रॅफिकचा सर्व्हे सीमेच्या दगडापाशी येऊन थांबतो. आपल्या मॉडेलमध्ये बेनापोल म्हणजे नुसता एक ठिपका, तिथून पुढं गाड्या जातात कुठं, माल कोणत्या गावचा, काही नाही. त्यामुळं दोन्ही बाजूंनी एकाच आठवड्यात, एकाच फॉर्मवर गाड्या मोजल्या तरी पहिल्या वर्षाचं मोठं काम झालं असं समज. स्वस्त काम आहे, राजकारणही फारसं आड येत नाही, आणि त्यातून दोन्हीकडच्या खालच्या अधिकाऱ्यांची ओळख होते, पुढं एखादी गोष्ट अडकली तर सरळ फोन लावता येतो.

तिसरी म्हणजे आधी आपल्याच घरातले सगळे एका खोलीत आणायचे. भारताची एक लँड बॉर्डर घे. टर्मिनल लँड पोर्ट्स अथॉरिटीचं, ती गृहखात्याखाली. कस्टम अर्थखात्याचं. रस्ता रस्ते वाहतूक मंत्रालयाचा, रूळ रेल्वेचे, बोलणी परराष्ट्र खात्याची, व्यापाराचे नियम वाणिज्य खात्याचे, बंदूक बीएसएफची (नेपाळ-भूतानकडे एसएसबीची, म्हणजे सशस्त्र सीमा बलाची) आणि पार्किंगची जागा, स्थानिक पोलिस राज्य सरकारचे. पलीकडेही असेच सात-आठ. दोन देशांची बैठक म्हणजे पंधरा खात्यांची बैठक असते, आणि त्यातलं एक जरी गैरहजर राहिलं तरी मिनिट्समध्ये 'पुढील बैठकीत' लिहून येतं.

चांगलं उदाहरण हवं असेल तर स्वित्झर्लंडमधलं बाझल बघ. शहर एक, पण कडेला फ्रान्स आणि जर्मनी चिकटलेले. तिथली 8 नंबरची ट्राम 2014 च्या डिसेंबरपासून जर्मनीतल्या वाइल आम राइनला जाते, 3 नंबरची 2017 पासून फ्रान्समधल्या सँ-लुईला. त्यांचा विमानतळ तर अख्खा फ्रान्सच्या जमिनीवर आहे, 1949 च्या दोन देशांच्या करारावर चालतो. तुझ्या कामाचा मुद्दा असा की स्विस सरकारचा शहरांच्या वाहतुकीसाठी एक निधी आहे आणि त्यातला पैसा सीमेपलीकडच्या रुळांनाही मिळाला, कारण हिशेब असा मांडला की पलीकडून रोज कामाला येणारी माणसं ट्रामने आली तर आपल्याच शहरातली गर्दी कमी होणार. आपला पैसा दुसऱ्याच्या जमिनीवर का, हा प्रश्न तिथंही आलाच असणार, फक्त त्याचं उत्तर आकड्यात तयार होतं. बघ, गाड्या मोजण्याचं काम इथं उपयोगी पडतं.

उलटं उदाहरण त्रिपुरातलं. सबरूमला बांगलादेशच्या सीमेवरच्या फेनी नदीवरचा मैत्री सेतू, 1.9 किलोमीटर, 9 मार्च 2021 ला उद्घाटन झालं. पण दोन्ही काठांवर कस्टम-इमिग्रेशनची व्यवस्था तयार नव्हती, त्यामुळं पूल नुसता उभाच. आगरतळा ते बांगलादेशातलं अखौरा या रेल्वेचंही तसंच, जेमतेम 12 किलोमीटरची लाइन, 1 नोव्हेंबर 2023 ला दोन पंतप्रधानांनी ऑनलाइन उद्घाटन केलं आणि नियमित गाडी सुरू व्हायच्या आतच 2024 च्या ऑगस्टमध्ये ढाक्यात सत्ता बदलली. हे झालं असतं तर फायदा केवढा होता बघ, आगरतळ्याहून कोलकाता बंदराला माल सिलिगुडीच्या चिंचोळ्या पट्टीतून फिरून जातो, सुमारे 1,600 किलोमीटर. बांगलादेशातून सरळ गेला तर साधारण 450.

थिसिसमध्ये एकच बॉर्डर घे, चारही देश घेऊ नकोस. आणि तिथं जाऊन हमालांच्या मुकादमाची मुलाखत घे, गाइड नको म्हणाले तरी घे.

प्रश्न : आम्ही गेली काही वर्षं स्वीडनमध्ये माल्मोला राहतो, नवरा रोज पूल ओलांडून कोपनहेगनला नोकरीला जातो, आपल्याकडं ठाण्याहून सीएसएमटीला जावं तसं. हे यांना एवढं सहज कसं जमलं? आपल्याकडं का नाही? — एक वाचक, माल्मो

उत्तर : सहज नाही हो जमलं, आता सहज दिसतंय. पुलाची चर्चा शंभर वर्षं जुनी, करार 1991 चा आणि गाडी सुरू झाली 1 जुलै 2000 ला. तुमचे मिस्टर रोज ज्या गाडीत बसतात तिला मधेच वीज बदलावी लागते, डेन्मार्कमध्ये 25 किलोव्होल्ट आणि स्वीडनमध्ये 15, फ्रीक्वेन्सीसुद्धा वेगळी. त्यात स्वीडनच्या रेल्वे डाव्या रुळावरून धावतात, डेन्मार्कच्या उजव्या, म्हणजे कुठंतरी रुळांची अदलाबदल आलीच. (रस्त्यावर मात्र दोघंही उजवीकडून. आपल्याला भारत-म्यानमार-थायलंड महामार्ग झाला तर मणिपूरच्या सीमेवरच्या मोरेहला डावीकडून उजवीकडे आणि पुढं थायलंडमध्ये परत डावीकडे जावं लागेल, ड्रायव्हरची कमाल आहे.)

जमलं त्यात मला दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. पूल चालवणारी कंपनी एकच आणि ती दोन्ही देशांच्या निम्म्या-निम्म्या मालकीची, कर्जाला दोन्ही सरकारांची हमी आणि फेड टोल आणि रेल्वेच्या पैशातून. त्यामुळं 'तुमची बाजू-आमची बाजू' हा वादच कंपनीत येत नाही, नुकसान झालं तर दोघांचं. आणि दुसरं, पूल झाल्यावरही काम संपलं नाही, रोज येजा करणाऱ्यांचा टॅक्स कुठं, पेन्शन कुठं, आजारी पडलं तर दवाखाना कुणाचा, यावर ते अजून भांडतायत. 2016 च्या जानेवारीत स्वीडनने निर्वासितांच्या लोंढ्यामुळं ओळखपत्र तपासणी सुरू केली तेव्हा याच पुलावर रोज प्रवास करणाऱ्यांचे किती हाल झाले ते तिथल्या जुन्या लोकांना विचारा.

आपल्याकडं अगदीच काही नाही असं नाही. कोलकाता-ढाका मैत्री एक्सप्रेस 14 एप्रिल 2008 ला सुरू झाली तेव्हा प्रवाशांना सीमेवरच्या गेदे (आपल्याकडचं) आणि दर्शना (त्यांच्याकडचं) दोन्ही स्टेशनांवर सामानासकट उतरून रांग लावावी लागायची. नोव्हेंबर 2017 पासून ही तपासणी कोलकाता आणि ढाका कॅन्टोन्मेंट या दोन टोकांनाच करायला लागले, मधे उतरायची भानगडच बंद. रूळ तेच, इंजिन तेच, वाचले काही तास. मला असले बदल नव्या पुलापेक्षा जास्त आवडतात. पण जुलै 2024 मध्ये तिकडच्या गडबडीत मैत्री, बंधन, मिताली या भारत-बांगलादेशमधल्या तिन्ही प्रवासी गाड्या बंद पडल्या, ते आपल्या हातातलं नव्हतं.

प्रश्न : मी एसटीतून रिटायर झालो. दिल्ली-काठमांडू बस आहे म्हणतात, मग आपली लालपरी का नाही नेपाळला? — निवृत्त वाहतूक नियंत्रक, सोलापूर

उत्तर : साहेब, कायद्याने बंदी नाही. नोव्हेंबर 2014 मध्ये भारत-नेपाळ वेगळा दुहेरी करार झाला, त्यावर दिल्ली-काठमांडू बस धावते. पण मार्ग, फेऱ्या आणि परमिट दोन्ही सरकारांनी ठरवायचे असतात, महामंडळाला वाटलं म्हणून सोडता येत नाही. आणि तुम्हाला मी काय सांगणार, आंतरराज्य करार असूनसुद्धा सीमावाद पेटला की बेळगावच्या एसट्या पहिल्या बंद होतात, काचा फुटतात, निपाणी-कागलला प्रवासी उतरवावे लागतात. एका देशात, एका कायद्यात हे. शिवाय तोट्याचं गणित तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं मांडाल.

स्वतःची गाडी घेऊन जायचं असेल तर जाता येतं, नाक्यावर भन्सार म्हणजे तिकडच्या कस्टमची पावती करायची, जेवढे दिवस राहणार तेवढ्या दिवसांची. दिवस वाढले तर आधीच मुदत वाढवून घ्या, नाहीतर परतताना दंड.

प्रश्न : आमचा डोंबिवलीच्या बायकांचा ग्रुप आहे, आम्हाला जनकपूरला जायचंय. रेल्वेने थेट जाता येतं का? वाचलं की ती गाडी आपल्या कोकण रेल्वेची आहे, ते कसं काय? — एक वाचक, डोंबिवली

उत्तर : थेट नाही, पण एकदाच बदलावं लागतं. लोकमान्य टिळक टर्मिनसवरून जयनगरला पवन एक्सप्रेस जाते, बिहारमधलं शेवटचं स्टेशन, तिथून नेपाळची हद्द चार पावलांवर. तिथंच शेजारी नेपाळ रेल्वेचं वेगळं स्टेशन आहे, त्या गाडीने जनकपूर. कुर्थापर्यंतची ही ब्रॉडगेज 35 किलोमीटरची, इरकॉन या भारत सरकारच्या रेल्वे बांधकाम कंपनीने बांधली, 2 एप्रिल 2022 ला सुरू झाली. आधी तिथं नॅरोगेज होती, ती 2014 मध्ये बंद पडली.

गाड्यांबद्दल बरोबर वाचलंत. पाच-पाच डब्यांच्या दोन डेमू (डिझेलवर चालणाऱ्या लोकलसारख्या) गाड्या कोकण रेल्वेने पुरवल्या, बेलापूरला ऑफिस असलेल्या आपल्याच. डबे चेन्नईचे. गंमत म्हणजे गाड्या सप्टेंबर 2020 मध्येच जनकपूरला पोचल्या होत्या, स्वागताला गर्दी लोटली, आणि मग दीड वर्ष शेडमध्ये. कारण नेपाळमध्ये रेल्वे चालवायचा कायदाच तयार नव्हता आणि ड्रायव्हर, गार्ड, स्टेशन मास्तर असा स्टाफही नव्हता. रूळ होते, डबे होते, पण अपघात झाला तर कोण जबाबदार हे लिहिलेला कागद नव्हता. वरच्या विद्यार्थिनीने हे पण थिसिसमध्ये घालावं.

तुम्ही जाताना पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र बरोबर ठेवा, नुसत्या आधारवर विसंबू नका. जयनगरला तपासणीला वेळ जातो आणि पलीकडे दिवसभरात मोजक्याच गाड्या आहेत, त्यामुळं पवन एक्सप्रेस लेट झाली तर त्या रात्री जयनगरला मुक्काम धरूनच चाला. विवाहपंचमीला जाणार असाल तर जनकपूरची धर्मशाळा आधी फोन करून ठरवा, त्या दिवसात खोली मिळत नाही.